मूडबिद्री ते सोलापूर: गणिताच्या साधनांचा एक प्रवास

भारतीय गणिताच्या इतिहासावरील एखाद्या गंभीर ग्रंथाची संदर्भसूची उघडली, की प्रकाशनस्थळांमध्ये मद्रास, कलकत्ता, लखनौ, लाहोर या नावांच्या बरोबरीने ‘शोलापूर’ हे नाव १९४३, १९५१, १९५८ आणि १९६३ या सालांपुढे छापलेले आढळते. ज्या शहराची ख्याती गिरण्या आणि चादरी यांवर उभी होती आणि जिथे दयानंद महाविद्यालयाच्या रूपाने महाविद्यालयीन शिक्षणाची सोय १९४० साली झाली, त्या शहराचे नाव गणिताच्या संदर्भसूचीत यावे, याचे कारण तेथील एखादे विद्यापीठ किंवा मोठे ग्रंथालय नव्हते. ते कारण एका धार्मिक न्यासाच्या ग्रंथमालेत आहे, आणि त्या ग्रंथमालेमागे सोलापूर, मुंबई, मिरज, सहारनपूर, अमरावती आणि कर्नाटकातील मूडबिद्री या गावांना जोडणारा सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. गणिताच्या अभ्यासकाला लागणारे साधन अस्तित्वात असणे आणि ते त्याच्या हाती पडणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

येथे ‘साधन’ हा शब्द दोन अर्थांनी घ्यावा लागतो. एक म्हणजे मूळ साधन, अर्थात ज्यात गणित प्रत्यक्ष मांडलेले आहे अशी पोथी, ग्रंथ किंवा संशोधनलेख. आणि दुसरे म्हणजे शोधसाधन, अर्थात ते मूळ साधन कुठे आहे हे सांगणारी सूची, वर्गीकरण किंवा लेखसारांची पत्रिका. नवे प्रमेय सिद्ध करू पाहणाऱ्याला मुख्यतः अलीकडची नियतकालिके लागतात, तर गणिताच्या इतिहासकाराला शतकानुशतके बंद असलेल्या पेट्या उघडाव्या लागतात. पण दोघांचीही पहिली अडचण एकच असते, ती म्हणजे हवे ते कुठे आहे आणि ते पाहू देण्याचा अधिकार कोणाकडे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्या प्रकारच्या अभ्यासकाची अवस्था कशी होती, याची साक्ष इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या स्थापनेतच सापडते. गुत्ती येथे सरकारी सेवेत असलेले व्ही. रामस्वामी अय्यर यांनी १९०६च्या डिसेंबरात देशभरातील गणितप्रेमींना पत्रे पाठवून असे सुचवले, की युरोप-अमेरिकेतील गणिती नियतकालिके आणि ग्रंथ एकट्या माणसाला परवडत नाहीत, म्हणून वर्गणी एकत्र करून ती मागवावीत आणि सभासदांमध्ये फिरवावीत. १९०७च्या एप्रिलमध्ये ‘ॲनालिटिक क्लब’ या नावाने ही संस्था सुरू झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवले गेले आणि त्याची जबाबदारी रँग्लर र. पु. परांजपे यांच्याकडे आली. म्हणजे या देशातील सर्वांत जुनी गणिती संस्था व्याख्यानांसाठी किंवा परिषदांसाठी निघालेली नसून वाचायला काही मिळावे एवढ्यासाठी निघाली होती, ही गोष्ट तिच्या पुढच्या कीर्तीमुळे विसरली जाते. नियतकालिकाचा अंक पुण्याहून टपालाने सभासदाकडे जाई, तो वाचून पुढे पाठवी, आणि जिल्ह्याच्या गावी शिकवणाऱ्या गणितशिक्षकालाही, सभासद झाल्यास, केंब्रिज किंवा बर्लिन येथे काय चालले आहे ते थोडे उशिरा का होईना कळू शके. पुणे-सोलापूर हा लोहमार्ग १८६० पासून चालू असल्यामुळे टपालाच्या हिशेबाने सोलापूर त्या ग्रंथालयापासून दूर नव्हते. हे ग्रंथालय १९५० साली मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटमध्ये हलवण्यात आले आणि पश्चिम महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या हातचा एक जवळचा आधार गेला.

दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासकाची, म्हणजे भारतीय गणिताचा इतिहास शोधणाऱ्याची, अडचण वेगळी होती. मद्रासच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाशी संबंधित असलेले संस्कृतचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरासह संपादन केले आणि ते १९१२ साली मद्रास सरकारने प्रसिद्ध केले. अमेरिकेतील गणितेतिहासकार डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि त्याआधी १९०८ साली रोम येथील आंतरराष्ट्रीय गणितज्ञ परिषदेत त्यांनी या ग्रंथाची ओळखही करून दिली होती. महावीराचार्य इ. स. ८५०च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या आश्रयाने लिहीत होते, आणि त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, सोलापूरहून कलबुर्गीमार्गे सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. नऊ अधिकारांच्या, म्हणजे प्रकरणांच्या, या ग्रंथात लघुतम साधारण विभाज्याची रीत ‘निरुद्ध’ या नावाने येते, काही वस्तूंमधून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील याचे सामान्य सूत्र येते, आणि ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही असे स्पष्ट विधानही येते. तरीही मद्रास आवृत्ती ग्रंथालयांबाहेर दुर्मिळ होत गेली, आणि विभूतिभूषण दत्त व अवधेशनारायण सिंह यांनी लाहोरहून १९३५ आणि १९३८ साली हिंदू गणिताच्या इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले, तेव्हा जैन गणिताविषयी त्यांच्यासमोर छापील साधने मोजकीच होती. ज्या एका ग्रंथामुळे त्यांच्या चित्रात मोठी भर पडली असती, तो तेव्हा छापलाच गेलेला नव्हता.

तो ग्रंथ म्हणजे ‘धवला’. पुष्पदंत आणि भूतबली यांच्या ‘षट्खंडागम’ या प्राकृत सूत्रग्रंथावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी ही टीका लिहिली. परंपरेने तिचा विस्तार ७२ हजार श्लोकांएवढा मानला जातो, आणि कर्मसिद्धांत हा तिचा विषय असला तरी जीवांची संख्या किती, ते किती क्षेत्र व्यापतात आणि किती काळ टिकतात, अशा प्रश्नांमुळे तिच्यात गणित पानोपानी येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या टीकेच्या ताडपत्रांवरील प्रती जुन्या कन्नड लिपीत फक्त मूडबिद्री येथील सिद्धान्त बसदीत उरल्या होत्या. बसदी म्हणजे जैन मंदिर. यात्रेकरूंना या पोथ्यांचे दर्शन घडे, त्यांची पूजाही होई, पण वाचन बंद पडलेले होते.

यानंतरची हकिकत धवलेचे संपादक हिरालाल जैन यांनी १९३९ साली छापलेल्या तिच्या पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे, आणि तिची सुरुवात सोलापूरशी जोडलेली आहे. १८८३च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद मूडबिद्रीच्या यात्रेला गेले, तेथे त्यांनी या ताडपत्रांची जीर्ण अवस्था पाहिली आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ती कळवली. हिराचंद नेमचंद हे व्यापारी तर होतेच, शिवाय ‘जैन बोधक’ या मासिकाचे संस्थापक आणि सोलापुरातील वाचनसंस्कृतीचे पुरस्कर्तेही होते, आणि शहरातील हिराचंद नेमचंद वाचनालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे ते वडील. ते स्वतः मूडबिद्रीस गेले, श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरि शास्त्री यांच्याकडून पोथीचा काही भाग वाचून घेतला, आणि तिची प्रतिलिपी व्हावी असा आग्रह त्यांनी धरला. या आग्रहाला फळ येण्यास दहा-बारा वर्षे लागली. निधी जमला, पोथ्या ताब्यात असलेल्यांची परवानगी मिळाली, आणि १८९६च्या सुमारास ब्रह्मसूरि शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी प्रती उतरवण्यास सुरुवात केली. हे काम पुढे जवळजवळ पाव शतक चालले. मात्र परवानगी प्रत करण्याची होती, प्रत बाहेर नेण्याची नव्हती. त्यामुळे एवढा खर्च आणि एवढी वर्षे जाऊनही देवनागरीत उतरलेले ते गठ्ठे जेथे मूळ पोथ्या होत्या तेथेच राहिले.

साधनाचा खरा प्रसार झाला तो चोरवाटेने. गजपती उपाध्याय यांनी अधिकृत प्रत उतरवत असतानाच आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने कन्नड लिपीत आणखी एक प्रत गुपचूप करून घेतली. ती घेऊन ते सोलापुरास हिराचंद नेमचंद यांच्याकडे आले आणि मोबदला देऊन ती ठेवून घ्यावी, अशी त्यांनी विनंती केली. ज्या माणसाने या पोथीसाठी सर्वांत आधी धडपड केली होती त्यानेच ती प्रत नाकारली, कारण ती मूडबिद्रीकरांच्या विश्वासाला तडा देऊन मिळवलेली होती. मुंबईच्या माणिकचंदांनीही तिला हात लावला नाही. अखेरीस सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती विकत घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तेथे तिचे देवनागरी लिप्यंतर करताना सीताराम शास्त्री यांनी एक प्रत स्वतःसाठी राखून ठेवली, आणि तिच्यावरून उतरलेल्या प्रती अमरावती, आरा, कारंजा आणि इतर ठिकाणच्या ग्रंथभांडारांत पोहोचल्या. म्हणजे आज गणिताचा इतिहासकार ज्या छापील ग्रंथाचा आधार घेतो, त्याच्या मुळाशी एकापाठोपाठ दोन अनधिकृत नकला आहेत. हिराचंद नेमचंद यांचा नकार नीतीच्या दृष्टीने सरळ होता, हे मान्य करावे लागते. पण तोच नकार सर्वांनी दिला असता तर धवला आणखी किती वर्षे कुलुपात राहिली असती, हा प्रश्न त्या मान्यतेबरोबरच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर या घटनेचे कथन करणारे बहुतेक लेखक टाळतात.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन यांनी भेलसा, म्हणजे आजचे विदिशा, येथील एका श्रीमंत घराण्याच्या देणगीतून धवलेचे प्रकाशन १९३९ साली सुरू केले. सोळा भागांचे हे काम सुमारे वीस वर्षे चालले. त्यांच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अर्धमागधीचे प्राध्यापक आ. ने. उपाध्ये होते. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा हे त्यांचे जन्मगाव, आणि कन्नड व मराठी या दोन्ही भाषांच्या सीमेवर वाढलेल्या या विद्वानाला जुन्या कन्नड पोथ्यांचे जग परके नव्हते. पहिल्या भागांच्या छपाईनंतर वातावरण निवळले आणि मूडबिद्रीकरांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य केले, हे या प्रकरणातील सर्वांत समाधानकारक वळण होय.

१९४२ साली निघालेल्या चौथ्या भागात लखनौ विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक अवधेशनारायण सिंह यांचा धवलेतील गणितावर इंग्रजी लेख छापला गेला. आपल्या ग्रंथाचे दोन खंड प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांनी हे नवे साधन हाती आलेल्या सिंहांनी धवलेतील गणित टीकेच्या काळाहून बरेच जुने असल्याचे प्रतिपादन केले. त्यांनी दाखवलेल्या गोष्टींपैकी सर्वांत लक्षणीय म्हणजे ‘अर्धच्छेद’. एखादी संख्या एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते तितके तिचे अर्धच्छेद. ६४ निम्मी करत गेल्यास सहा पायऱ्यांत एक उरतो, म्हणून ६४चे अर्धच्छेद ६. आजच्या परिभाषेत हा २ या पायाचा लॉगरिदम आहे, आणि त्याच धर्तीवर ३ने भागत जाण्याला त्रिकच्छेद व ४ने भागत जाण्याला चतुर्थच्छेद म्हटले आहे. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य व गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे वापरलेला आहे. मोठ्या संख्या उभ्या करण्यासाठी ‘वर्गित-संवर्गित’ ही क्रिया येते, जिच्यात संख्येला तिच्याच घातापर्यंत नेले जाते: २ पासून ४, ४ पासून २५६, आणि तिसऱ्या फेरीत २५६चा २५६वा घात, म्हणजे सहाशेहून अधिक अंकांची संख्या.

चौथ्या भागातीलच आणखी एक प्रकरण गणिताच्या वाचकाने मुद्दाम पाहावे असे आहे. जैन विश्वरचनेत लोक, म्हणजे संपूर्ण विश्व, १४ रज्जू उंच मानलेला आहे; रज्जू हे त्या विश्वरचनेतील लांबीचे एकक. त्याची रुंदी तळाशी ७ रज्जू, मध्यावर १, त्यावरच्या भागात ५ आणि माथ्यावर पुन्हा १ आहे, आणि त्याचे घनफळ ३४३ घनरज्जू, म्हणजे ७चा घन, असे परंपरा सांगते. हा आकार मृदंगासारखा गोल समजायचा की चौकोनी, यावर मतभेद होते. वीरसेनांनी वाद शास्त्रवचनांवर न सोडता हिशेब मांडला. आकार गोल धरून त्यांनी शंकूच्या छिन्नखंडांचे घनफळ काढले, म्हणजे शंकूचे टोक कापल्यावर उरणाऱ्या भागाचे, आणि उत्तर १६४ पूर्णांक ३२८/१३५६ घनरज्जू आले, जे ३४३च्या निम्मेही नाही. उलट एका बाजूची जाडी सर्वत्र ७ रज्जू धरली, तर खालच्या अर्ध्याचे १९६ आणि वरच्या अर्ध्याचे १४७, मिळून बरोबर ३४३ होतात. या गणितात वर्तुळाच्या परिघासाठी त्यांनी वापरलेल्या सूत्रात ३५५/११३ हे गुणोत्तर आहे, जे पायच्या किमतीशी सहा दशांश स्थळांपर्यंत जुळते. पण सूत्रात १६ ही एक जादा संख्याही मिळवलेली आहे, आणि ती तेथे का आली याचा उलगडा करण्यात इतिहासकारांनी बरीच शाई खर्च केली आहे.

अमरावतीत हे काम चालू असतानाच सोलापुरात दुसरी घडामोड होत होती. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० साली आपली संपत्ती धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी लावण्याचे ठरवले, पण ती कशी लावावी याबद्दल देशभर फिरून विद्वानांची मते घेतली आणि १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थावर त्यांची बैठक बोलावली. तेथे जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना झाली आणि त्यांनी ३० हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता त्यांनी संघाला न्यासरूपाने देऊन टाकली. गिरणीमालकांच्या आणि अडत्यांच्या शहरात मंदिर किंवा धर्मशाळा बांधणे ही दानाची रूढ वाट असताना मूळ ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांवर एवढा पैसा लावण्याचा हा निर्णय विरळा होता, आणि तो पंडितांना आधी विचारून घेतला गेला हे त्याहून विरळे. या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादकत्व उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्याकडे आले, आणि मालेचे पहिले पुष्प म्हणून निवडला गेला तो यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’.

तिलोयपण्णत्ती हा त्रिलोकाच्या रचनेवरील प्राकृत ग्रंथ आहे. त्याचा पहिला भाग १९४३ साली आणि दुसरा १९५१ साली निघाला. यातील पहिला भाग महायुद्धाच्या काळातला, जेव्हा छपाईचा कागद मिळवणे हेच एक काम होते. एक लाख योजने व्यास असलेल्या जंबूद्वीपाचा परिघ ३,१६,२२७ योजनांहून किंचित अधिक आहे, असे हा ग्रंथ सांगतो आणि उरलेला अंश कोस, धनुष्य, अंगुळ असा खाली खाली उतरवत नेतो. हे मूल्य व्यासाला दहाच्या वर्गमूळाने गुणल्याने येते. संपादकांची मोठी अडचण मजकुरापेक्षा खुणांची होती. ग्रंथात जगश्रेणीसाठी, म्हणजे सात रज्जू लांबीसाठी, एक आडवी रेघ, तिच्या वर्गासाठी, म्हणजे जगप्रतरासाठी, दोन रेघा, आणि घनासाठी, म्हणजे लोकासाठी, तीन रेघा अशी चिन्हलिपी आहे. गणित न समजणाऱ्या लेखनिकांच्या पिढ्यांनी त्या रेघा, शून्ये आणि अक्षरचिन्हे पोथ्यांमध्ये इतकी सरमिसळ करून ठेवली होती, की व्याकरणाच्या आधाराने शब्द दुरुस्त करता येत होते, पण आकडे दुरुस्त करायला व्याकरण उपयोगी पडत नव्हते. भाषापंडितांनी ही मर्यादा ओळखून गणिताच्या माणसाला बोलावले, यात त्यांचा मोठेपणा दिसतो.

तो माणूस म्हणजे जबलपूर येथे गणित शिकवणारे लक्ष्मीचंद्र जैन. तिलोयपण्णत्तीच्या गणितावर त्यांनी हिंदीत शंभरावर पानांचा प्रबंध लिहिला. त्यात हिशेब पुन्हा करून पाहून चिन्हांचे अर्थ लावलेले आहेत, आणि तो १९५८ साली सोलापूरहून निघालेल्या ‘जंबुदीवपण्णत्तिसंगहो’ या दुसऱ्याच ग्रंथाच्या आरंभी छापला गेला. त्यानंतर १९६३ साली त्यांनीच हिंदी भाषांतरासह संपादित केलेला ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथमालेचे बारावे पुष्प म्हणून निघाला. मद्रास आवृत्तीनंतर पन्नास वर्षांनी मान्यखेटच्या दरबारातला हा ग्रंथ मान्यखेटपासून दीडशे किलोमीटरवरील शहरातून पुन्हा उपलब्ध झाला, आणि या वेळी त्याची किंमत महाविद्यालयातील शिक्षकाला परवडण्यासारखी होती. या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून गुलाबचंद हिराचंद दोशी यांचे नाव आहे. ज्या वडिलांनी गजपती उपाध्यायांची प्रत परत पाठवली, त्यांच्याच मुलाच्या नावाने सोलापूरची ही प्रकाशने निघावीत, आणि पुढे १९७३ पासून खुद्द धवलेची सुधारित आवृत्तीही फलटण गल्लीतील याच संघाने काढावी, यात एका घराण्याचा आणि एका गावाचा नव्वद वर्षांचा हट्ट दिसतो.

साधन छापले गेले म्हणजे ते सापडले असे होत नाही, आणि येथून या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात गणिताचा क्रमांक ५१० आणि जैन धर्माचा २९४.४ आहे, भारतात अनेक ग्रंथालयांनी स्वीकारलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात गणित ‘बी’ या वर्गात आणि धर्म ‘क्यू’ या वर्गात येतो. तिलोयपण्णत्ती, जंबुदीवपण्णत्ती आणि धवला ही तिन्ही नावे ग्रंथपालाने धर्माच्या कपाटात ठेवली तर त्याची चूक म्हणता येत नाही, कारण त्या ग्रंथांचा विषय तोच आहे. पण गणिताच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ती कधीच दिसत नाहीत. गंमत अशी, की द्विबिंदू वर्गीकरणाचे जनक शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक होते, १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि एका ग्रंथात एकाहून अधिक विषय कसे मिसळतात याचा त्यांच्याइतका विचार कोणी केला नव्हता. त्यांच्या पद्धतीत अशा ग्रंथासाठी गणिताखाली जादा नोंद घालता येते, मात्र ती घालण्यासाठी आतले गणित कोणीतरी वाचलेले असावे लागते. ‘गणितसारसंग्रह’ हे नावच बोलके असल्यामुळे तो योग्य जागी पोहोचला. त्याचे भावंड असलेला तिलोयपण्णत्तीवरील प्रबंध मात्र दुसऱ्या ग्रंथाच्या पोटात गडप झाला.

आंतरराष्ट्रीय शोधसाधनांनीही ही दरी पूर्ण भरून काढली नाही. १८६८ साली सुरू झालेले जर्मन वार्षिक ‘यारबुख’, ऑटो नॉयगेबाउअर यांनी १९३१ साली सुरू केलेले ‘त्सेन्ट्रालब्लाट’ आणि त्यांनीच अमेरिकेत गेल्यावर १९४० साली उभे केलेले ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’ ही गणिती लेखांचे सार देणारी प्रमुख नियतकालिके. नॉयगेबाउअर स्वतः प्राचीन गणिताचे इतिहासकार असल्यामुळे इतिहासाला त्यांत सुरुवातीपासून जागा होती, आणि आजच्या गणिती विषयवर्गीकरणात भारतीय गणिताच्या इतिहासासाठी ०१ए३२ असा स्वतंत्र संकेत आहे. तरीही ही नियतकालिके मुख्यतः गणिती मासिकांतील लेख टिपत, आणि प्राकृत ग्रंथाच्या हिंदी आवृत्तीत गुंडाळलेला इंग्रजी लेख त्यांच्या जाळ्यात येणे हा योगायोगाचा भाग होता. १९७९ पासून निघणारे ‘गणित भारती’ आणि त्याआधीपासूनचे ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’ यांतील लेखांच्या तळटिपांनीच सोलापूरच्या या पुस्तकांची वाट बहुतेकांना दाखवली, आणि आजही तळटिपेवरून तळटिपेकडे जाणे ही या क्षेत्रातील सर्वांत भरवशाची शोधपद्धती आहे.

सोलापुरातील गणिताच्या विद्यार्थ्यासाठी या काळात ग्रंथालयाचे केंद्र वारंवार हलत गेले. महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाशी, १९४९ नंतर पुणे विद्यापीठाशी आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती; संशोधनाची नियतकालिके पाहायची तर त्या त्या विद्यापीठाच्या गावी जाऊन राहावे लागे. सोलापूरजवळच्या केगाव येथील पदव्युत्तर केंद्राने ही पायपीट थोडी कमी केली, आणि १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले त्या सुमारास छापील नियतकालिकांचे युग संपत आले होते. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’ या संग्रहात संशोधनलेख छापण्याआधीच कोणालाही वाचायला मिळू लागले, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० पासून एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवली, ‘त्सेन्ट्रालब्लाट’चा वारस असलेली सूची २०२१ पासून विनामूल्य झाली, आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेखाली सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास नियतकालिके खुली झाली, ज्यासाठी केंद्र सरकारने तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. रामस्वामी अय्यर यांनी १९०६ साली सुचवलेली सामाईक वर्गणीच येथे देशाच्या आकाराची झाली आहे, फरक एवढाच की खासगी महाविद्यालयातील शिक्षक आणि कोणत्याही संस्थेत नसलेला अभ्यासक या वर्गणीच्या बाहेर राहतो, आणि जिल्ह्याच्या गावात अशांची संख्या थोडी नसते.

सोलापूरची जुनी प्रकाशने या वर्गणीच्या कक्षेत येत नाहीत, कारण ती कोणत्याही व्यापारी प्रकाशकाची नाहीत. त्यांपैकी अनेकांच्या पानांची छायाचित्रे जैन ई-लायब्ररी आणि इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहांत मिळतात, आणि रंगाचार्यांची १९१२ची मद्रास आवृत्तीही दुसऱ्या संग्रहात आहे. मूडबिद्रीच्या कुलुपाचा प्रश्न या अर्थाने सुटलेला आहे. उरतो तो शब्दांचा प्रश्न. छायाचित्रातील प्राकृत-हिंदी मजकूर यंत्राला धड वाचता येत नाही, ग्रंथनामांची रोमन रूपे प्रत्येक सूचीत निराळी असतात, गावाचे नाव जुन्या सूचीत ‘शोलापूर’ आणि नव्या सूचीत ‘सोलापूर’ असते. लॉगरिदम हा शब्द देऊन शोधणाऱ्याला धवला सापडत नाही, आणि अर्धच्छेद हा शब्द देण्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो. म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्याने विषयाच्या नावाने न शोधता ग्रंथमालेच्या क्रमांकाने शोधावे हे श्रेयस्कर: जीवराज जैन ग्रंथमाला, पहिले पुष्प तिलोयपण्णत्ती, सातवे जंबुदीवपण्णत्तिसंगहो, बारावे गणितसारसंग्रह, आणि सातवे पुष्प हाती आल्यावर प्राकृत गाथांकडे वळण्यापूर्वी आरंभीची पाने उलटावीत, कारण लक्ष्मीचंद्र जैन यांचा प्रबंध मुखपृष्ठावरील नावात नाही, तो तेथे आहे.